सूतभर झाकलेलं

नोटीस येऊन सहा दिवस झाले होते, आणि त्या सहा दिवसांत या घरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देऊन जेवलं नव्हतं. मुदत उद्या संपत होती. म्हणून रविवारी सकाळी खालच्या फ्रेमच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून सगळे वरच्या खोलीत जमले. चहाचा ट्रे घेऊन धाकटी आत आली आणि दारातच तिला कळलं, की खटला आपल्यावर चालणार आहे. खुर्च्याच तशा मांडल्या होत्या. चार खुर्च्या भिंतीला लागून, एका रांगेत. आणि एक समोर, एकटी.

तिनं ट्रे ठेवला. कुणीतरी "अगं, इकडे ये की" म्हणेल म्हणून जरा घोटाळली. कुणी म्हणालं नाही, तेव्हा त्या एकट्या खुर्चीवर जाऊन बसली.

धाकटी हे तिचं नाव नव्हे, पण घरात तेच चालायचं. खरं म्हणजे थोरली सून या घरात कधी आलीच नाही. थोरला लग्नाआधीच घर सोडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. ही आली त्यानंतर तीन वर्षांनी. एकदा तिनं नवऱ्याला विचारलंही होतं, "अरे, एकुलत्या एका सुनेला धाकटी कोण म्हणतं?" तो म्हणाला होता, "आई म्हणते. वरची जागा धरून ठेवलीय तिनं."

त्याच थोरल्याची ही नोटीस. नऊ वर्षांत त्याच्याकडून आलेला पहिला कागद, आणि तोही वकिलाच्या सहीचा.

भावोजींनी, म्हणजे नणंदेच्या यजमानांनी, चष्मा पुसून तो पुन्हा एकदा वाचला. ते स्वतः वकील, त्यामुळे सगळं रीतसर. "आमच्या अशिलाचं नाव आणि छायाचित्र वापरून त्यांच्या घरातल्याच कुणा व्यक्तीनं खोटं खातं उघडलं आहे. गेले चौदा महिने त्या खात्यावरून त्यांच्या जन्मदात्या आईला त्यांच्या नावे संदेश पाठवले जात आहेत. सात दिवसांत त्या व्यक्तीचं नाव कळवावं. अन्यथा पोलिसांत तक्रार." त्यांनी कागद खाली ठेवला. "एका जुन्या शाळासोबत्यानं त्याचं अभिनंदन केलं म्हणे, आईशी बोलायला लागलास, छान झालं म्हणून. तिथं हे फुटलं. आणि फोटो घरातलाच, म्हणून बोट घरावर."

"आणि तक्रार झाली तर?" ताईंनी विचारलं. ताई म्हणजे नणंद. उत्तर त्यांना ठाऊक होतं. विचारलं ते धाकटीला ऐकू जावं म्हणून.

"तोतयेगिरी. तीन वर्षांपर्यंत आत. आणि माणूस सरकारी नोकरीत असेल, तर निलंबन आधी, चौकशी मागाहून."

या घरात सरकारी नोकरीत एकच माणूस होतं. धाकटी कोर्टात कारकून होती, अकरा वर्षं. असले कागद रोज तिच्याच टेबलावरून जायचे. कुणी मेव्हण्याच्या नावानं खातं उघडलेलं, कुणी सवतीच्या. शिक्का मारताना तिला नेहमी वाटायचं, ही कसली घरं असतील. आता कळत होतं. अशीच असतात, चहाचे कप धुतलेले असतात आणि पडदे नवे असतात.

"आईला फोन कोणी घेऊन दिला?" ताई सुरू झाल्या.

"मी."

"खातं उघडून कोणी दिलं? लिहायचं कसं, पाठवायचं कसं, हे कोणी शिकवलं?"

"मीच. दर रविवारी, खाली दुकानात बसून. सगळ्यांच्या देखत."

"झालं तर मग."

"काय झालं, ताई? चूल पेटवायला शिकवली, म्हणून घर मी जाळलं?"

"जीभ बघा," ताई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "संदेश यायचे कधी? दुपारी दोननंतर. कोर्टाला जेवणाची सुट्टी कधी? दोन वाजता. आता मी काही बोलत नाही."

बोलत नाही म्हणणारं माणूस जेवढं बोलतं, तेवढं बोलणारं बोलत नाही. धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. वीस मजल्यांच्या पोकळीत दोरावर लटकताना त्याचे पाय कधी कापत नसत, पण बहिणीसमोर तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा.

"ती असं करणार नाही," तो म्हणाला. पण तो म्हणाला कसा, तर छत्री हातात घेऊन "आज पाऊस नाही" म्हणावं तसा. धाकटीनं ओळखलं. म्हणजे यालाही वाटतंय.

रांगेतल्या चौथ्या खुर्चीवर आई होत्या. मांडीवर फोन, पडदा काळा. भावोजींनी पहिल्या दिवशी संदेश उतरवायला घेतला तेवढं सोडलं, तर सहा दिवस त्यांनी तो चार्जिंगला लावला नव्हता आणि मांडीवरून हलवलाही नव्हता. बाबा रांगेत नव्हते. ते खिडकीपाशी स्टुलावर, पाठमोरे, बोटांवरचे काचेचे जुने वण चोळत बसले होते. आईबाबा एकमेकांशी बोलत नसत, नऊ वर्षं. अगदी शेजारी बसलेले असले तरी आई म्हणायच्या, "धाकटे, त्यांना सांग, पान वाढलंय." आणि बाबा म्हणायचे, "येतो म्हणावं."

त्याचं कारणही सगळ्यांना पाठ होतं. थोरला म्हणाला होता, आता फोटो फोनमध्येच राहतात, भिंतीवर कोण लावतो, दुकानात छपाईचं मशीन घेऊ. बोलता बोलता आवाज चढले. बाबांच्या हातात फ्रेमची लाकडी पट्टी होती. तीस वर्षांच्या मुलाला त्यांनी गिऱ्हाइकांसमोर ती मारली. मुलगा म्हणाला, "चुकलो म्हणा, मी थांबतो." बाबा म्हणाले नाहीत. त्यानंतर भिंतीवरची त्याची फ्रेम फुटल्याचा आवाज झाला, आणि नऊ वर्षं गेली.

"पोलिसांत नको," बाबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले. "घरातलं घरात ठेवा."

"बाबा, सहा दिवस तुम्ही हेच म्हणताय," ताईंची नजर आता भावाकडे गेली. "कुणाला पाठीशी घालताय? सुनेला, की लेकाला? खोट्यावर आईचं समाधान झालं की खऱ्याला कोण बोलावतं? थोरला परत आला तर दुकान कुणाच्या हातून जाईल, हे काय मला कळत नाही?"

"वा!" नवरा ताडकन उठला. स्वतःवर आलं तेव्हा त्याला बरोबर वाचा फुटली. "आणि घराच्या कागदांवर थोरल्याची सही लागेल, हे दोन वर्षांपूर्वी कोण म्हणालं होतं? मी? का तुझा नवरा?"

"माझं नाव घेऊ नका," भावोजी म्हणाले. "मी सल्ला दिला होता. फुकट."

"म्हणूनच तसला होता."

"पुरे," आई म्हणाल्या. एवढाच शब्द, पण सगळे खाली बसले.

भावोजींनी फाईल उघडली. आईंच्या फोनमधले सगळे संदेश त्यांनी गुरुवारीच छापून आणले होते, दोनशे सोळा पानं. धाकटीनं ती शुक्रवारी रात्रभर वाचली होती आणि वाचताना दोनदा रडली होती. खोट्या थोरल्याचे संदेश एकदोन ओळींचे. 'आई, गुडघा कसा आहे.' 'आई, औषध घेतेस ना.' त्याखाली आईंचं पान पान उत्तर. नवऱ्याशी नऊ वर्षं न बोललेलं सगळं त्या लेकाला सांगत होत्या. मधल्या एका पानावर आईंनी लिहिलं होतं, तुझ्या बाबांना मी या जन्मी माफ करायची नाही. त्यावर दोन दिवस काहीच आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली होती: 'बाबांनी पट्टी उचलायला नको होती. चार माणसांत तर नकोच.'

"हे बघ," ताईंनी पहिलं पान तिच्या पुढ्यात टाकलं. त्यावर खात्यावरचा फोटो मोठा करून छापलेला. दुकानाच्या दारात उभा हसणारा तरुण. "हा फोटो कुठला? अल्बममधला. अल्बम कुणाच्या कपाटात? मागच्या वर्षी सगळे फोटो फोनमध्ये कुणी घेतले? आता आणखी काय हवं?"

हे धाकटीलाही मान्य होतं. अल्बम तिच्याच कपाटात होता. ती उठली, आतून तो घेऊन आली आणि ते पान शोधून छापील फोटोच्या शेजारी ठेवलं. का ठेवलं हे तिचं तिलाही कळलं नसावं. कोर्टातली सवय, नक्कल आली की अस्सल शेजारी ठेवायची.

आणि ती बघतच राहिली.

"यात आईंची बोटं आहेत," ती म्हणाली.

"कसली बोटं?"

"अल्बममधल्या फोटोत. हे बघा, डाव्या कडेला, थोरल्यांच्या कोपरावर आईंची चार बोटं. छापलेल्यात नाहीत. खाली बुटाचं टोक आहे, यात नाही. उजवीकडे शटरची कडी, तीही नाही. वर पाटीचं अक्षर अर्धं गेलंय."

"कापला असेल," नवरा म्हणाला.

"कापणारा एक बाजू कापतो, नाहीतर दोन. चारी बाजूंनी सारखं, इतकं मोजून कोण कापतं?"

ताई दोन्ही फोटोंवर वाकल्या. दुसऱ्या कुठल्या घरात हे समजावून सांगावं लागलं असतं. इथं सगळे पट्ट्यांच्या भुशात रांगले होते. फ्रेमच्या पट्टीला आतून खाच असते, फोटो त्या खाचेत बसतो, आणि पट्टीची कड चारी बाजूंनी त्याच्यावर एक सूत चढते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "माझा कान खाल्लात की हो!" म्हणून गिऱ्हाइकं भांडायची, तर बाबा म्हणायचे, "सूतभर मी घेणारच. दलाली आहे ती माझी."

"हा अल्बममधून घेतलेला नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "फ्रेममधल्या फोटोचा फोटो आहे हा. कोपऱ्यात हा पांढरा पट्टा दिसतोय ना? ट्यूबलाइट आहे. काचेवर पडलीय."

"पण या फोटोची भिंतीवरची फ्रेम बाबांनी त्याच दिवशी फोडली!" ताई म्हणाल्या. "मी इथंच होते. आवाज ऐकलाय मी."

"मीही ऐकला," नवरा म्हणाला. "आईनं काचा झाडल्या."

"काचा झाडल्या. फुटलेली फ्रेम कुणी पाहिली?"

ताईंनी भावाकडे पाहिलं, भावानं आईकडे. आईंनी हळूच मान हलवली. नाही.

"मी नव्हते त्या दिवशी, म्हणून विचारते. तुम्ही सगळ्यांनी आवाज ऐकला आणि फ्रेम गेली म्हणालात. आपल्या दुकानात काच फुटली की काय करतात?"

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. "दुसरी बसवतात," तो म्हणाला.

"दुकानाची किल्ली कुणाकडे असते?" भावोजींमधला वकील जागा झाला.

धाकटी उत्तर द्यायला गेली आणि तिच्या डोळ्यांपुढे ते रविवार आले. ती आईंना शिकवतेय, हे दाबा, मग इथं नाव लिहा, मग फोटो. आणि कापायच्या टेबलामागे बाबा एक काच पुसताहेत. तासभर तीच एक काच. 'बाबा, झिजेल ती,' असं आपण हसून म्हणालो होतो. स्वतःची मान सोडवता सोडवता तिनं दोर कुणाच्या गळ्यात टाकला होता! तिला वाटलं, गप्प बसावं, अल्बम मिटावा. पण मग उद्या कागदावर आपलं नाव जाईल, अकरा वर्षांची नोकरी जाईल, आणि हा नवरा छत्री धरून उभा राहील.

"बाबांकडे," ती म्हणाली. "एकट्यांकडे."

बाबा स्टुलावरून उठले. कुणाकडे न बघता जिना उतरले. खालून टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला. वर आले तेव्हा त्यांच्या एका हातात दुकानाचा फोन होता, ज्याला ते हातसुद्धा लावत नाहीत अशी सगळ्यांची समजूत होती. दुसऱ्या हातात राखाडी लोकरीत गुंडाळलेलं काहीतरी. दोन्ही त्यांनी फाइलीवर ठेवलं.

"दुपारी दोन ते चार," ते म्हणाले. "गिऱ्हाईक नसतं."

"बाबा!" ताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "का पण?"

"ती बोलत नव्हती माझ्याशी. त्याच्याशी तरी बोलेल, म्हटलं. एकदाच लिहिणार होतो, आई कशी आहेस एवढंच. तिनं ही एवढी दोन पानं लिहिली. मला ती वाचायला तीन दिवस लागले. मग... मग बंद कसं करायचं?"

"सहा दिवस माझ्याकडे बोट दाखवताहेत सगळे," धाकटी म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात."

"उद्या सांगणार होतो."

"उद्या मुदत संपते, बाबा."

बाबा बोटांवरचे वण चोळू लागले. तिला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही सारखंच.

आईंचं लक्ष फोनकडे नव्हतं, फ्रेमकडेही नव्हतं. त्या लोकरीकडे बघत होत्या. पुढे होऊन त्यांनी आतली थोरल्याची फ्रेम बाजूला ठेवली आणि लोकर उलगडली. स्वेटर होता. नवा कोरा, एकदाही न धुतलेला. गेल्या थंडीत खोट्या थोरल्यानं दिलेल्या पत्त्यावर त्यांनी स्वतः पोस्टात जाऊन पाठवलेला.

"धाकटे," आई म्हणाल्या, "विचार त्यांना, हा इथं कसा."

"पत्ता पट्ट्यांच्या व्यापाऱ्याचा होता," बाबा म्हणाले. "त्यानं गठ्ठ्याबरोबर परत पाठवला."

"विचार त्यांना, मी लेकाला लिहिलेलं सगळं वाचलं का."

"सगळं."

"छातीत दुखतं लिहिलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं मला. मला वाटलं, यांना कसं कळलं." हे त्या कुणालाच म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी स्वेटर खाली ठेवला. "चौदा महिने मी म्हणत होते, माझा मुलगा मला विसरला नाही. रोज दुपारी वाट बघत होते मी. तो नव्हताच. एकदासुद्धा नव्हता."

मग भावोजींनी नोटीस पुन्हा हातात घेतली. "हे बघा, आता प्रश्न सोपा झाला. बाबांचं नाव द्यायचं नाही. फोन मोडून टाकू, खातं बंद करू, उत्तरात लिहू, घरातल्या कुणाचा संबंध नाही, कुणा अज्ञात इसमानं केलेलं दिसतं."

"अगदी बरोबर," ताई म्हणाल्या.

"तेच बरं," नवरा म्हणाला. बघता बघता सगळी रांग एक झाली.

"छान," धाकटी उभी राहिली. "आपला तो बाब्या. मघाशी माझं नाव द्यायचं होतं, तेव्हा हा अज्ञात इसम कुणाला आठवला नाही तो? आणि पोलीस कंपनीकडून नंबर काढतील, दुकानात येतील, फोन कोणी शिकवला विचारतील, तेव्हा कुणाचं नाव सांगणार आहात?"

नवरा तिचा हात धरायला गेला. "तुझ्याशी नंतर बोलते," ती म्हणाली.

"नाव जाईल," आई म्हणाल्या.

"आई, अगं सत्तरीचे आहेत ते!" ताई म्हणाल्या. "तीन वर्षं म्हणजे..."

"मला तुरुंगातलं कळत नाही. माझ्या लेकानं विचारलंय, कोण म्हणून. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं या घराला काही विचारलंय. त्याला खोटं उत्तर जायचं नाही. खोटं झालं तेवढं बास. आणि ही पानं सगळी जोडा. पट्टीचं लिहिलंय ते पान सगळ्यांत वर."

बाबा दचकले. "ते नको," ते म्हणाले. "बाकी काहीही पाठवा."

"धाकटे, सांग त्यांना, तेच वर राहील. त्याच्या नावानं लिहिता आलं, आता स्वतःच्या नावानं सही करा म्हणावं."

धाकटीनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तिनं आपली खुर्ची स्वतःच उचलली, रांगेपुढून नेली आणि टेबलापाशी ठेवली. लॅपटॉप उघडला. भावोजी सांगू लागले, ती टाइप करू लागली. खातं कुणी उघडलं, या ओळीवर ती थांबली. बाबांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत सांगतात तसं. कागद छापून आला. काचेवर हिऱ्याची रेघ ओढावी तशी त्यांनी एका दमात सही केली.

"सोबत काय काय?" धाकटीनं विचारलं. "यादी लागते. संदेशांची पानं, दोनशे सोळा. छायाचित्र, फ्रेमसह, एक."

"स्वेटर एक," आई म्हणाल्या.

"आई, नोटिशीच्या उत्तराला स्वेटर जोडत नाहीत," भावोजी म्हणाले.

"का? पुरावा नाही तो?"

भावोजींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं टाइप केलं: स्वेटर, राखाडी, एक.

आई स्वेटरची घडी घालू लागल्या. बाही सरळ केली, पुन्हा उलगडली, खांद्यावर वीत ठेवून मोजली. "अंदाजानं विणलाय. नऊ वर्षांत माणूस भरतो. धाकटे, त्याला ढगळ तर नाही ना व्हायचा?"

"नाही व्हायचा," खिडकीपाशी परत गेलेले बाबा म्हणाले. "अंगकाठी त्याची माझ्यासारखीच. मी घालून पाहिला."

आईंचे हात थांबले. धाकटी सवयीनं पुढे वाकली, निरोप घ्यायला. पण आई मान वळवून सरळ खिडकीकडे बघत होत्या.

"आणि काखेत?" त्यांनी विचारलं. "काखेत नाही ना काचला तुम्हाला?"